मरकाटोल्याची पहिली हाक

डोमा, तू मेलास एवढं मला मान्य आहे. त्यापुढचं काहीही मला मान्य नाही.

तुझ्या तेराव्याला पंगत बसली आणि पहिला घास पोटात जाताच लोक तुझ्याबद्दल गोड बोलू लागले. एक म्हणाला, "डोमा लय शांत माणूस होता." दुसरा म्हणाला, "कोणाशी वाकडं बोलला नाही." अरे, सरळ तरी कधी बोललास का? मी उठून दोघांना तुझ्या आवाजात उत्तर देणार होतो. तुझी नक्कल मला उत्तम जमते, तुला ठाऊक आहे. पण सकू वाढत होती. माझी बहीण आणि तुझी बायको, दोन्ही एकाच वेळी. तिनं वरणाची पळी हातात धरून माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं जेवलो. इथे कागदावर मात्र ती पळी पोचत नाही. म्हणून इथे भांडतो.

जे आपल्याला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी दोन शब्द, तू जरा थांब. समुद्र मी पाहिलेला नाही. मुंबईला जाऊन आलेले लोक सांगतात की किनाऱ्यावरच्या गावांची नावं नीट ऐकली तर कोण आधी आलं, कोण नंतर, कोण नावेतून उतरलं, ते सगळं कळतं. त्यांना वाटतं हे फक्त समुद्राला जमतं. केशोरीच्या अलीकडे आमचा तलाव आहे. या काठावरून त्या काठावरचा माणूस बोटाएवढा दिसतो. तो गोंदिया-चांद्याच्या रेल्वेच्या कितीतरी आधीचा, इंग्रजाच्याही आधीचा. त्याच्या काठाकाठानं सहा टोले, म्हणजे वस्त्या, आहेत. डोमा कोहळी होता, म्हणजे ज्यांच्या पूर्वजांनी माती वाहून तलावाची पाळ, म्हणजे बांध, घातली त्यांच्यापैकी. आणि तो माझा भाटवा, म्हणजे बहिणीचा नवरा; मी त्याचा साळा, दंडारीत, म्हणजे गावच्या नाच-नाटकात, सोंगं घेणारा. राजा, राणी, सावकार, म्हातारी, जे रिकामं असेल ते.

आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे, कारण सगळं भांडण तिथलं आहे. पाऊस सरत आला आणि धानाला शेवटचं पाणी लागलं की तलावाचं तुडुम उघडतात. तुडुम म्हणजे पाळीच्या पोटातली पाण्याची वाट. खुंट ओढला की पाणी पाटात उतरतं. पण खुंट ओढण्याआधी पाळीवर उभं राहून एकेका टोल्याच्या नावानं हाक घालायची. ज्या टोल्याची वस्ती आधीची त्याची हाक आधी. टोल्यातल्या कुणीतरी "हाव!" म्हणून ओ द्यायची. ओ आल्याशिवाय पुढचं नाव घ्यायचं नाही, आणि सगळ्यांची ओ आल्याशिवाय खुंटाला हात लावायचा नाही. ज्या क्रमानं हाक, त्याच क्रमानं पाणी. ही हाक डोमाच्या घराची. त्याचा बाप घालायचा, मग हा घालू लागला.

आणि पहिली हाक मरकाटोल्याची, जो टोला पाण्याखाली आहे.

झालं माझं सांगून. आता तू.

तुला आठवतं, मी दंडारीत मरकाटोल्याची गोष्ट घातली होती? एका राणीला आंब्याचे डोहाळे लागले, राजा शिकार सोडून नागझिऱ्याच्या रानातून निघाला, इथे आला, आंबा दिसला, राणीनं खाल्ला, गाव वसलं. राणी मीच होतो. लोक हसून लोळले, बाया पदरात तोंड लपवू लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तू माझ्या अंगणात उभा. रामराम नाही, काही नाही.

"का गा, ते राणी कोणती?"

"कोणतीबी. राणी म्हटलं का लोक बसून राहतेत."

"मरका म्हणजे गोंडीत आंबा. त्या लोकायनं लावले ते आंबे. राणी काऊन आणली मधातच?"

"आंबा पिकला तर खाणारी पाहिजे का नाही?"

"खाणारी होती! जंगोबाईच्या आजीची आजी होती. तिले काऊन नाही आणलं?"

मी म्हटलं, मरकाटोल्याच्या जंगोबाईच्या आजीच्या आजीला पाहायला कुणी घोंगडी घेऊन येणार नाही. तू म्हणालास, "आज तू राणी आणली. उद्या मालगुजार देवी आणन. मंग ज्याची बाई मोठी त्याचं गाव पयलं!" मी म्हटलं, "भाटव्या, नुसतं खरं सांगतलं का लोक झोपतेत." तू म्हणालास, "झोपू दे. झोपले तरी कानात जाते." हे भांडण आपण किती वर्षं चालवलं! बैल पाजताना, लग्नाच्या मांडवात, एकदा तर तुझ्याच सासऱ्याच्या, म्हणजे माझ्या बापाच्या, तिरडीमागून चालताना. शेवट कधी केला नाही. मी अजूनही म्हणतो की राणी चांगली होती.

पण तू काय केलंस? वाद अर्धा सोडून उन्हाळ्यात मला तलावात नेलंस. पाणी पार आटलं होतं. गुडघाभर चिखल तुडवत मी तुझ्यामागे, शिव्या देत. आणि मध्येच काळी खोडं दिसू लागली. तोडलेली, दगडासारखी, ओळीत. रानातलं झाड ओळीत उगवत नाही, ते तू मला सांगायची गरज नव्हती. पुढे तीन दगड, चुलीसारखे मांडलेले. मी जोडे हातात घेतले होते ते कोरडी जागा पाहून पायात घातले, तर तू ओरडलास, "कोणाच्या घरात उभा हायेस? जोडे काढ!" आणि डोमा, मी काढले. भर दुपारी तलावाच्या तळाशी आपण दोघं अनवाणी, एका चुलीजवळ, पाहुण्यासारखे. तिथे तू मला सांगितलंस ते तुझ्या बापानं तुला सांगितलेलं: पाळ घालायची तर मरकाटोला बुडणार होता. कोहळ्यांनी गोंडांना विचारलं. ते म्हणाले, जमीन पाण्याला देतो, पण पाणी आधी आम्हाला. ते रानाच्या कडेला उंच जाऊन राहिले, पाटाच्या अगदी शेवटी. जागा बदलली, नाव तेच नेलं. म्हणून दर साली पाणी सगळ्यांच्या बांधाजवळून वाहत जातं आणि सगळे आपापल्या बांधीचं, म्हणजे धानाच्या वाफ्याचं, तोंड बंद ठेवून बसतात, ते शेवटपर्यंत पोचेपर्यंत. पाऊसपाणी बरं असलं तर ही नुसती रीत. कोरड्या साली ही रीत मोडली, तर शेवटच्या शेताला थेंबही पोचत नाही.

यंदा मघा कोरडी गेली, पूर्वा कोरडी गेली. तलाव अर्धा. आणि लढाई संपल्यापासून जो तो म्हणतो की स्वराज्य येणार, मालगुजारी जाणार. आपल्या मालकाच्या, म्हणजे मालगुजाराच्या, कानावर ते आधी आलं. जाण्याआधी पाण्याची पहिली हाक आपल्या घराला लावून घ्यावी असं त्याच्या मनात आलं. मग काय, तू म्हणाला होतास तसंच. देवी आली! लक्ष्मी त्याच्या स्वप्नात येऊन म्हणे बोलली की तुझ्या वाडीचं नाव आजपासून लक्ष्मीपूर, आणि तिची हाक पहिली. वर मालकाचं म्हणणं, मरकाटोला तर नकाशातच नाही. जे गाव पाण्यात बुडलं त्याला कसलं पाणी पाजायचं?

तू त्याच्या ओसरीवर जाऊन उभा राहिलास. मी फाटकाशी होतो, एक शब्द चुकवला नाही.

"मालक, तुमच्या जागेचं नाव गाडेतळ. तुमचे आजे मिठाचे गाडे घेऊन आले, चाक फसलं, तिथंच तळ पडला. चांगलं झालं, आमाले मीठ भेटलं. पण देवी गाड्यात नव्हती जी. मीठच होतं."

फाटकाशी उभे सगळे हसले. मालक हसला नाही. तू उतरून आलास तेव्हा मी म्हटलं, "हे दंडारीत घालू का?" तर म्हणालास, "घाल. पण राणी आणू नको." त्यानंतर तुला ताप भरला. हे आपलं शेवटचं शुद्धीतलं बोलणं. पुढे तापात तू मला ओळखलंस की नाही, मला माहीत नाही. मी तुझ्या पायांना तेल चोळत होतो आणि तू सारखा ओ देत होतास, कुणीही हाक मारली नसताना. मला तेव्हा तुला काही सांगायचं होतं. सांगितलं नाही, कारण साळ्या-भाटव्यांत असलं बोलायची पद्धत नाही. आजही मी ते लिहिणार नाही. समजून घे.

तुझं तेरावं झालं आणि लगेच तुडुम उघडायचा दिवस ठरला. तुला मुलगा नाही. हाक कोण घालणार? मालकानं आपला दिवाण पाठवला, छत्री आणि कागद घेऊन. मी माणसांत मागे उभा होतो. सकू आली आणि सगळ्यांदेखत मला म्हणाली, "आमच्या घरची हाक हाये. तू घाल."

"मी तुमच्या घरचा नाही, बाई."

"मी हावो ना. मी तुले धाडून राहिली."

"मले येत नाही..."

"दंडारीत राजा होतेस तवा येते? पाळीवर कायले थरथरतेस?"

दिवाण म्हणाला, "अरे, नाचने-गाने वाले को किसने बुलाया?" सकू म्हणाली, "मी." तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं, आणि तिच्याशी वाद घालण्याची छाती दिवाणात नव्हती. मी चढलो.

डोमा, तुझ्या जागेवरून तलाव फार मोठा दिसतो रे.

मी हाक घातली: "मरकाटोलाऽऽ!"

काही नाही. पाणकोंबडा उडाला तेवढाच. मी खाली पाहिलं, तर त्या टोल्याचा एकही माणूस नाही. मग कुजबुज कानावर आली: आदल्या दिवशी मालकाचा शिपाई तिकडे जाऊन आला होता. जो गडी पाळीवर येईल त्याची ढोरं कोंडवाड्यात, आणि मालकाच्या रानात चराई बंद. मी पुन्हा हाक घातली. पुन्हा शांतता. दिवाण छत्रीखालून हसला.

"कोई नहीं है. आगे बढ़ो. लक्ष्मीपूर बोलो."

"ओ आल्याबिगर पुढचं नाव घेता येत नाही, दिवाणजी. रीत हाये."

"तो शाम तक चिल्लाओगे?"

खाली माणसं चुळबुळू लागली. नवखेड्याचा एक पोवार शेतकरी ओरडला, "आमचा धान पोटरीत आला, सुकून राहिला! सोंगं बंद कर गा!" त्याचं काही चुकत नव्हतं. मला कळलं की मला फक्त वेळ काढायचा आहे. मरकाटोला लांब आहे, पण वाऱ्यावर हाक जाते. कुणी निघालं असेल तर पोचेपर्यंत ही माणसं धरून ठेवायची. आणि माणसं धरून ठेवणं, भाटव्या, हे या तलावाच्या काठी मला जेवढं येतं तेवढं कुणाला येत नाही.

मी धोतर खोचलं. दिवाणाला कमरेत वाकून मुजरा केला, राजाला करतात तसा. लोक हसले. हसला की माणूस थांबतो.

"नवखेड्याच्या भाऊ," मी म्हटलं, "तुमच्या गावाचं नाव नवखेडा. नवं कोणासाठी? तुम्ही आले तवा जुनं कोणी होतं म्हणूनच तुम्ही नवे! आयत्या पाळीखाली नांगर घातला, आमच्या भाटव्याच्या आज्यानं तुमाले बी दिलं. तुमचा नंबर चवथा. कबूल?"

"कबूल, पण..."

"अन् डोंगाघाट! ढिवरायनो, डोंगा कुठं बांधता?"

"तलावात," मासे धरणारा एक ढिवर म्हणाला.

"अन् डोंगाघाट कुठं हाये?"

तो हसू लागला. कारण डोंगाघाट, म्हणजे होडीचा घाट, पाळीच्या खालच्या अंगाला आहे. तिथे आज पाऊल भिजायला पाणी नाही, वांगी पिकतात. "वांग्यात डोंगा कोण बांधते गा? तलाव नव्हता तवा तिथं नाल्याचा डोह होता. म्हणून तुम्ही पाळीच्या आधीचे. तुमचा नंबर दुसरा. आमचं पाळगाव तिसरं. पाळीवरून नाव, मंग पाळीच्या आधीचं कसं असन? आमचा डोमा कोहळी होता, पाळ त्याच्या बापजाद्याची, तरी त्यानं कधी आपलं नाव दुसरं घेतलं?"

कुणीही हसलं नाही. तू हे मला चिखलात, बैलगाडीत, मांडवात शंभरदा ऐकवलं होतंस आणि मी शंभरदा जांभई दिली होती. तोंड उघडलं आणि सगळं ओळीनं बाहेर येत गेलं. एक राणी आणायची फार इच्छा झाली, खोटं कशाला बोलू. जागा पण चांगली होती. पण मला गरजच पडली नाही. लोक जाग्यावरून हलत नव्हते.

"अन् गिट्टीटोला. दुकाळात सडकेवर गिट्टी फोडायले छत्तीसगडातून आले, सडक झाली, हे राहिले. सगळ्यात शेवटचा नंबर या लोकायचा. त्यायले लाज हाये का त्याची?"

गिट्टीटोल्याची एक म्हातारी आपल्या छत्तीसगडीत मागून ओरडली, "काबर लाज? पहिली ओमन के नाव ले, हमर बाद म!"

"ऐकलं, दिवाणजी? म्हणते, आधी त्यांचं नाव, मंग आमचं. गिट्टी फोडणाऱ्यायले गिट्टीची लाज नाही. मीठ विकणाऱ्यायले मिठाची कायले?"

दिवाणाचा चेहरा उतरला. तो शिपायाला काही सांगणार, तेवढ्यात पाटाच्या कडेनं येणारी रांग दिसली. सगळ्या बाया. पुढे जंगोबाई, कमरेला विळा, पाय चिखलानं भरलेले. तिनं पाळीखाली उभं राहून श्वास घेतला. शिपाई म्हणाला, "तुम्हाला येऊ नका म्हणून सांगितलं ना?"

"गड्यायले सांगतलं," जंगोबाई म्हणाली. "गडी घरीच हायेत. ढोरं राखून राहिले."

सारी पाळ हसली. मी माझ्या आयुष्यात असं हशा पिकवणारं वाक्य बोललेलो नाही आणि तिनं ते घाम पुसता पुसता टाकलं. दिवाण म्हणाला, बाईची ओ चालत नाही. मी त्याला विचारलं, कुठल्या रीतीत? त्याच्या कागदात ते नव्हतं. आणि ज्या बायांच्या आज्यांच्या आज्यांच्या चुली तलावात आहेत त्यांची ओ नाही तर कुणाची?

मी तिसऱ्यांदा हाक घातली. जंगोबाईनं तोंडाला हात लावून ओ दिली, "हावऽऽ!" मागच्या सगळ्या बायांनी दिली.

मग डोंगाघाट, हाव. पाळगाव, ती ओ सकूनं दिली. नवखेडा, तो धान पोटरीतला भाऊ सगळ्यात मोठ्यानं ओरडला. आणि मग मी छाती भरून हाक घातली: "गाडेतळऽऽ!"

दिवाण उभा. ओ आल्याशिवाय खुंट ओढायचा नाही. आणि मालकाची दांडगी बांधी पाळीच्या खालीच पसरलेली, तीही सुकत चाललेली. दिवाणाला ते आमच्याइतकंच दिसत होतं. गिट्टीटोल्याची म्हातारी उशिरानं वैतागून म्हणाली, "बोल ना बेटा, बेर होवत हे." दिवाणानं इकडेतिकडे पाहिलं, छत्री मिटली आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "हाव."

मी कानाला हात लावला. "ऐकू नाही आलं जी. तलाव मोठा हाये."

"हाव!" तो खेकसला.

शेवटी गिट्टीटोला, त्याची ओ त्या म्हातारीनं दिली. खुंट ओढला, पाणी सुटलं. माझ्याच्यानं पाळीवर थांबवलं नाही, मी पाटाच्या बाजूनं पाण्याबरोबर चालत गेलो. नवखेड्याच्या लोकांनी आपल्या बांध्यांची तोंडं पायानं दाबून धरली होती. गाडेतळाच्या बांधीवर सकू स्वतः जाऊन बसली, मालकाचे गडी तिच्याकडे बघत, ती पाण्याकडे बघत. ते शेवटच्या शेतात शिरलं तेव्हा ऊन उतरायला आलं होतं. भेगा पडलेल्या बांधीत पाणी गेलं की एक आवाज येतो, तहानलेलं ढोर पितं तसा. जंगोबाईनं मला बसायला जागा केली. आम्ही दोघं तो ऐकत बसलो.

डोमा, मालक म्हणतो की पुढच्या साली हाक घालायला तो केशोरीहून दुसरा माणूस आणणार, आणि त्याला नावं तो स्वतः शिकवणार. आणू दे. आता धानाची कापणी चालू आहे. बाया वाकून कापताना एकीनं नाव घ्यायचं आणि दुसरीनं ओ द्यायची असा खेळ त्यांनी काढलाय. मरकाटोला, हाव. डोंगाघाट, हाव. गाडेतळ आलं की दिवाणाच्या आवाजात, जमिनीकडे बघत. कालपासून हा खेळ मालकाच्या बांधीतही पोचलाय. त्याच्याच मजुरणी, त्याचाच धान, आणि बांधाशी तो उभा असताना. गप्प करायचं म्हटलं तर किती जणींना करेल? आणि त्या गप्प बसल्या तर धान कोण कापेल?